नदीचा मासा आणि त्याच्या मांसातले परजीवी

मरळ चिरताना कधी कधी पाठीच्या तुकडीत एक पिवळा दाणा दिसतो. तुरीच्या डाळीच्या कणीएवढा, मांसाच्या धाग्यांत घट्ट बसलेला. सुरीच्या टोकाने उकरून तो मिठाच्या कोमट पाण्यात सोडला, तर वरचे पातळ आवरण फाटते आणि आतली चपटी अळी सावकाश आकसू-पसरू लागते. ती जिवंत असते. घरात लगेच वाद सुरू होतो. एक म्हणतो, मासेवाल्याने सडका मासा दिला. दुसरा म्हणतो, तेवढे काढून टाका, काही होत नाही.

मासा सडका नसतो. सडलेल्या मासळीत पडणाऱ्या अळ्या माशीच्या असतात आणि त्या मासा मेल्यावर पडतात. हा पिवळा दाणा मासा पाण्यात पोहत होता तेव्हापासून त्याच्या मांसात आहे. मासा नीट शिजवला तर त्याच्यापासून काहीही अपाय नाही. उलट ईशान्य थायलंडमध्ये ज्या माशांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पित्तनलिकेचा कर्करोग दिला, त्यांच्या मांसात डोळ्यांना काहीच दिसत नाही. तुकडी स्वच्छ, वास ताजा, कल्ले लालभडक. या विषयावर दीडशे वर्षांत जे संशोधन झाले, त्यातून सामान्य माणसाने सर्वांत आधी घ्यावी अशी गोष्ट हीच: मांसात जे दिसते ते बहुधा निरुपद्रवी असते आणि ज्याने माणसे दगावली ते दिसत नाही.

आधी त्या पिवळ्या दाण्याचे पाहू. तो क्लिनोस्टोमम नावाच्या पर्णकृमीची अळी. याचा प्रौढ कृमी बगळ्यांच्या घशात राहतो. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेला जीव गोगलगायीच्या शरीरात शिरतो, तिथे त्याची संख्या वाढते, आणि मग शेपटीच्या सूक्ष्म अळ्या बाहेर पडून माशाच्या कातडीतून आत घुसतात. शेपूट गळून जाते. मांसात, कल्ल्यांजवळ किंवा परांच्या बुंध्याशी अळी स्वतःभोवती कोश तयार करते आणि थांबते. कशासाठी, तर तो मासा एखाद्या बगळ्याने गिळावा म्हणून. मासा तिचा शेवटचा मुक्काम नव्हेच. मांसात राहणाऱ्या बहुतेक कृमींची हीच रीत आहे: मासा खाल्ला गेला तरच त्यांचा संसार पुढे चालतो, आणि खाणारा माशाचे मांस सोडत नाही. उत्तर भारतात मरळीच्या कुळातल्या माशांत क्लिनोस्टोमम आणि त्याचा भाऊबंद युक्लिनोस्टोमम यांची नोंद अनेक वेळा झाली आहे. जपान आणि कोरियात कच्चा मासा खाल्ल्यावर हा कृमी माणसाच्या घशाला चिकटल्याची थोडी उदाहरणे आहेत. घसा दुखतो, खवखवतो, डॉक्टर चिमट्याने कृमी काढतात आणि विषय संपतो.

माशाच्या अंगावर आणि मांसात दिसणारे काळे ठिपके हीसुद्धा पर्णकृमींचीच खूण. गंमत अशी की काळा रंग कृमीचा नसतो, माशाचा असतो. घुसखोराभोवती मासा स्वतःचे रंगद्रव्य साठवतो. अशा काही जातींचे प्रौढ कृमी खंड्याच्या आतड्यात राहतात. आपल्याकडच्या शिवड्याच्या वाताशयात राहणारा आयसोपॅरॉर्किस हा मोठा पर्णकृमी तरुणपणी लहान माशांच्या मांसात फिरतो आणि तिथे शाई सांडल्यासारखे डाग पाडतो. शिजवल्यावर यांतले काहीही माणसाला बाधत नाही.

आता न दिसणाऱ्यांकडे वळू. त्यांची हकिगत भारतात सुरू होते. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका चिनी सुताराचे शवविच्छेदन झाले. जेम्स मॅककॉनेल हे तिथले प्राध्यापक. त्या सुताराच्या यकृतातल्या पित्तनलिका चपट्या कृमींनी गच्च भरलेल्या त्यांना आढळल्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे वर्णन छापले. आज या कृमीला क्लोनॉर्किस सायनेन्सिस म्हणतात. सुतार चीनमधून आला होता, संसर्गही तिथूनच घेऊन आला होता. कृमीची ओळख मात्र कलकत्त्यात पटली. हा कृमी माणसात माशातून येतो हे कळायला विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. जपानी संशोधक हारुजिरो कोबायाशी यांनी गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात त्याच्या अळ्या दाखवल्या आणि काही वर्षांतच गोगलगायीचा दुवाही सापडला.

संसर्ग मात्र फार जुना आहे. चीनच्या हुबेई प्रांतात जियांगलिंग इथल्या एका थडग्यात इसवी सनपूर्व १६७ मध्ये पुरलेल्या माणसाच्या शरीरात क्लोनॉर्किसची अंडी मिळाली आहेत. दुनहुआंगजवळच्या रेशीममार्गावरच्या एका जुन्या ठाण्याच्या शौचकूपात, अंग पुसायच्या कापड गुंडाळलेल्या काड्यांवरही ती सापडली. ते ठिकाण कोरडे वाळवंटी आणि हा कृमी जिथे पसरू शकतो त्या ओल्या प्रदेशापासून दीड हजार किलोमीटर दूर. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणी प्रवासी दक्षिणेकडचा कच्चा मासा खाऊन, पोटात कृमी घेऊन तिथवर पोचला होता. आज चीन, कोरिया, व्हिएतनाम आणि पूर्व रशियात मिळून दीड कोटी माणसांना क्लोनॉर्किसची लागण असावी असा अंदाज आहे.

त्याचा जवळचा नातलग ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी हा थायलंड, लाओस, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनामचा. लागण झालेले लोक सुमारे एक कोटी. माशाच्या मांसातल्या परजीवीने माणसाचे काय होऊ शकते हे पाहायचे तर थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये जावे. भातखाचरे, उथळ तळी, धरणांचे फुगवटे, पावसाळ्यात सगळे पाणी एक होणारा हा मुलूख. तळ्यातून खवल्यांचे छोटे मासे धरायचे, बारीक चेचायचे, त्यात लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची भरड आणि पुदिना घालायचा आणि शेताच्या बांधावर सगळ्यांनी मिळून खायचे, हा तिथला कष्टकऱ्यांचा आवडता पदार्थ, कोय प्ला. लिंबाने मांस पांढरे होते आणि शिजल्यासारखे दिसते. आतल्या कोशांना लिंबाने काही होत नाही. काही दिवसच आंबवलेल्या प्ला सोममध्येही अळ्या जिवंत राहू शकतात; महिनोन्‌महिने भरपूर मिठात मुरलेल्या प्ला रामध्ये त्या सहसा टिकत नाहीत.

कोश लंबगोल असतो आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. तो शोधायची रीत साधी आहे. मासा वाटून घेतात आणि पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात ३७ अंशांवर तास-दोन तास ठेवतात. माणसाच्या जठरात जे घडते तेच बाटलीत घडवायचे. मांस विरघळते, कोश विरघळत नाहीत. द्रावण गाळून गाळ मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. वरचे पाणी नितळ झाले की तळाचा गाळ काचेच्या बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लंबगोल भिंतीच्या आत घडी घालून पडलेली अळी दिसते, तिचे दोन चूषक दिसतात, आणि मागच्या अंगाला उत्सर्जनाच्या पिशवीचा मोठा काळा ठिपका. ती मधूनच कूस बदलते. क्लोनॉर्किसच्या मुलखात तर बोटभर लांबीच्या एका माशात असे हजारो कोश मिळाले आहेत.

जे बाटलीत होत नाही ते पोटात होते. जठर आणि लहान आतड्यातले रस मिळून कोश फोडतात, अळी पित्तनलिकेतून वर चढते आणि महिन्याभरात अंडी घालू लागते. प्रौढ ऑपिस्थॉर्किस साधारण सात मिलिमीटरचा. तो अनेक वर्षे जगतो. माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. थोडा अपचनाचा त्रास, उजव्या कुशीत जडपणा. वर्षानुवर्षे पित्तनलिकेला सूज येते, भिंती जाड होतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी काहींना पित्तनलिकेचा कर्करोग होतो. या कर्करोगाचे जगातले सर्वाधिक प्रमाण इसानमध्ये, खोन केन प्रांतात नोंदले गेले आहे. कावीळ दिसते तोवर बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. घरचा कर्ता माणूस पन्नाशीत जातो आणि त्याच तळ्याचा मासा घरात येत राहतो.

कृमीने कर्करोग कसा होतो, याचे उत्तर अजून तुकड्यातुकड्यांनी मिळते आहे. १९७८ मध्ये थायलंडमध्ये हॅमस्टरवर झालेला प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. काही हॅमस्टरना फक्त कृमी दिले, काहींना फक्त नायट्रोसोअमाइन गटातले एक रसायन अल्प प्रमाणात दिले, काहींना दोन्ही. पित्तनलिकेचा कर्करोग झाला तो दोन्ही मिळालेल्यांना. नायट्रोसोअमाइन आंबवलेल्या आणि खारवलेल्या माशातही असतात, आणि सुजलेल्या ऊतींत शरीर स्वतःही असले पदार्थ तयार करते. शिवाय कृमी जे प्रथिन स्रवतो, त्याने पित्तनलिकेच्या पेशींची वाढ भराभर होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, ज्या गटात तंबाखूचा धूर आहे. २००९ मध्ये क्लोनॉर्किसही त्यात गेला. गोड्या पाण्यातल्या माशाच्या तुकडीवरून माणसात येणारे हे दोन सिद्ध कर्करोगकारक. एवढे असूनही भारतीय भाषांत यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

औषध आहे. प्राझिक्वांटेल एका दिवसात कृमी मारते. पण कृमी मेले की माणूस पुन्हा कोय प्ला खातो आणि पुन्हा लागण होते. इसानमधल्या डॉक्टरांचा अनेक वर्षांचा अनुभव हाच. त्यात मांजरे आहेत. मांजर कच्चा मासा खाते, तिच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, त्यामुळे माणसे पूर्ण बरी झाली तरी तळे बरे होत नाही. तळ्यातल्या बिथिनिया गोगलगायींत शंभरात एकही बाधित मिळत नाही, तरी त्याच तळ्यातले बहुसंख्य मासे बाधित असतात, कारण एका बाधित गोगलगायीतून रोज अळ्यांची झुंबड बाहेर पडते. खोन केन विद्यापीठातले बांचोब श्रीपा आणि त्यांचे सहकारी यांनी लावा तळ्याच्या काठच्या गावांत सगळ्या बाजूंनी एकदम काम केले: माणसांना औषध, मांजर-कुत्र्यांकडे लक्ष, शौचालये, शाळेत मुलांचे शिक्षण, गावच्या आरोग्यसेविका, आणि मासे-गोगलगायींची तपासणी. सुरुवातीला साठ टक्क्यांवर असलेली माणसांतली लागण सुमारे दशकभरात दहा टक्क्यांखाली आली. देशभरच्या २००९ च्या पाहणीत थायलंडमध्ये सरासरी ८.७ टक्के लोक बाधित होते, इसानमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. या साऱ्या इतिहासात मला लावा तळ्याचे काम सर्वांत मोलाचे वाटते. माशाला दोष न देता, खाणाऱ्यांना न हिणवता, पाण्याभोवतीचे सगळे चक्र एकत्र धरणारे असे काम दुसरीकडे क्वचितच झाले आहे.

बाकी जगाची हकिगत थोडक्यात सांगता येते. सायबेरियात ओब आणि इर्तिश नद्यांच्या खोऱ्यात ऑपिस्थॉर्किस फेलिनियस आहे. १८९१ मध्ये तोम्स्कमध्ये विनोग्रादोव यांनी तो माणसात प्रथम दाखवला. तिथे गोठवलेला कच्चा मासा पातळ चकत्या काढून खातात. हाच कृमी २००३ ते २०११ या काळात इटलीत ट्रासिमेनो आणि बोल्सेना सरोवरांच्या काठी उपाहारगृहांतून पसरला. टेंच नावाच्या माशाच्या कच्च्या, व्हिनेगरात मुरवलेल्या तुकड्या हे कारण. उत्तर युरोपात मांसातला मुख्य परजीवी पट्टकृमी, डायफिलोबोथ्रियम लॅटम. पाइक आणि पर्च माशांच्या मांसात त्याची पांढरी अळी असते, आणि माणसाच्या आतड्यात तो दहा मीटरपर्यंत वाढतो. एकेकाळी फिनलंडमध्ये त्याचे प्रमाण एवढे होते की कृमीने ब-१२ जीवनसत्त्व खाऊन टाकल्यामुळे होणारा पांडुरोग हा तिथल्या वैद्यकाचा स्वतंत्र विषय झाला. सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि तो ओसरला. जिनिव्हा सरोवराकाठी कच्च्या पर्चच्या पातळ चकत्या खाण्याची रीत आल्यावर तो पुन्हा दिसू लागला.

गोलकृमींपैकी नॅथोस्टोमाचे नाव आपण लक्षात ठेवायला हवे, कारण त्याच्या अळ्या मरळ आणि दलदलीतली वाम अशा माशांत राहतात. १८३६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका तरुण वाघाच्या जठराच्या भिंतीत रिचर्ड ओवेन यांना तो प्रथम मिळाला. मांजर, कुत्रा, वाघ हे त्याचे खरे यजमान. माणूस नव्हे, म्हणूनच माणसात गेलेली अळी वाट चुकते आणि कातडीखाली फिरत राहते. आज दंडावर सूज, चार दिवसांनी ती विरते, पुढच्या आठवड्यात मानेवर. क्वचित ती डोळ्यात किंवा मेंदूत जाते. थायलंड, जपान आणि मेक्सिकोत याचे रुग्ण जास्त. भारतातही डोळ्यातून नॅथोस्टोमाची अळी काढल्याच्या नोंदी आहेत. लिंबाच्या रसाला ती दाद देत नाही.

युस्ट्रॉंजिलिडिस ही लालभडक, गुंडाळी करून मांसात किंवा पोटाच्या पडद्यात पडलेली अळी. दिसायला सर्वांत भयंकर. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९८२ च्या सुमारास काही मच्छीमारांनी गळाला लावायचे जिवंत छोटे मासे गिळले आणि त्यांतल्या काहींच्या आतड्याला भोक पडून शस्त्रक्रिया करावी लागली. शिजवल्यावर याचे भय नाही. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळेच आहे. सांडपाण्याने गढूळ, पोषकद्रव्यांनी जड झालेल्या पाण्याच्या गाळात जे बारीक गांडुळवर्गीय जीव माजतात, त्यांच्यामार्फत ही अळी माशात येते. एखाद्या तळ्यात तिचे प्रमाण वाढत असेल तर तळ्यात मैला आणि खत उतरते आहे असे समजावे.

काही परजीवी माणसाला काहीच करत नाहीत, पण मासा आणि मच्छीमार या दोघांना बुडवतात. कॅनडातल्या व्हाइटफिशच्या मांसात ट्रायनोफोरस या पट्टकृमीचे पिवळे कोश असतात. १९३० च्या दशकात अमेरिकेने असा माल परत पाठवायला सुरुवात केली आणि सरोवरांकाठच्या कित्येक मच्छीमारांचा धंदा बसला. कृमी निरुपद्रवी होता. गिऱ्हाइकाला तो नको होता. पॅसिफिक सालमनच्या मांसात हेन्नेगुया साल्मिनिकोला पांढरे, दुधाळ कोश करतो. हा परजीवी जेलीफिशच्या कुळातला. तो ऑक्सिजनवाचून जगतो आणि त्याच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंच मुळीच नाही, असे २०२० मध्ये सिद्ध झाले. प्राण्यांत असे उदाहरण त्याआधी ठाऊक नव्हते. आपल्या नद्यांना मात्र १९८८ पासून वेगळ्याच आपत्तीने गाठले: अॅफॅनोमायसिस इन्व्हाडान्स. बुरशीसारखा हा जीव ईशान्येकडून भारतात आला. कातडीतून आत शिरून त्याचे धागे मांसात खोल जातात, मांस कुजते आणि अंगावर लाल व्रण पडतात. मरळ आणि छोटे खवल्यांचे मासे सर्वांत आधी पडतात, तेही थंडी सुरू होताना. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे औषध काढले. ते तळ्यात चालते. वाहत्या नदीत औषध घालता येत नाही.

मराठी वाचकाला ओळखीचा एक कृमी या विषयात अनपेक्षितपणे येऊन पोचला आहे: नारू. बारवांच्या आणि पायविहिरींच्या पाण्यातून होणारा हा रोग आपल्या वाडवडिलांनी भोगला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात झाला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेत चाडमध्ये मात्र २०१० मध्ये नारू पुन्हा दिसला, आणि २०१२ पासून तो कुत्र्यांत आढळू लागला, माणसांपेक्षा कितीतरी जास्त. शारी नदीकाठी कुत्र्यांना माशांची कच्ची आतडी टाकतात. मासे आणि बेडूक यांच्या शरीरातून अळी कुत्र्यांत जाते असा तिथल्या संशोधकांचा कयास आहे, आणि बेडकांत ती मिळालीही आहे. म्हणून आता गावोगाव माशांची आतडी पुरायला सांगतात. आपल्याकडे मासा साफ करताना कच्ची आतडी मांजरापुढे टाकण्याची सवय घरोघर आहे. ती सोडावी. वर सांगितलेल्या निम्म्या कृमींचे चक्र मांजर-कुत्र्यांच्या जिवावरच चालते.

स्वयंपाकघरात काय करावे, याची उत्तरे पक्की आहेत. मांसाच्या आत ६३ अंश तापमान गेले की हे सारे परजीवी मरतात. उकळत्या कालवणात तुकडी पाच-दहा मिनिटे राहते, तेव्हा प्रश्नच उरत नाही. सावध राहायचे ते तव्यावरच्या जाड तुकडीपाशी. बाहेरचा रवा खरपूस होतो आणि काट्यालगतचे मांस गुलाबी, काचेसारखे राहते. ते कच्चेच असते. काट्यापासून मांस पापुद्र्याने सुटायला हवे आणि पूर्ण पांढरे दिसायला हवे. नदीकाठी चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या अख्ख्या माशाचे तेच: कातडी जळते, पाठीचा कणा कच्चा राहतो. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, हळद-मीठ चोळून ठेवणे यांपैकी कशावरही विसंबू नये. गोठवून परजीवी मारायचे तर उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ वर पंधरा तास, असे अमेरिकी अन्न व औषध प्रशासन सांगते. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा एवढा थंड सहसा होत नाही आणि भारनियमनाच्या गावात तर नाहीच. ज्या विळीवर मासा चिरला तिच्यावर धुतल्याशिवाय कोशिंबिरीची काकडी चिरू नये. अडकलेला एक कोश पुरेसा असतो.

सुशी आता पुण्या-मुंबईत सर्रास मिळते. तिचा मासा समुद्राचा आणि ठराविक थंडीत गोठवलेला असेल तर प्रश्न नाही. गोड्या पाण्यातला कच्चा मासा मात्र कुठल्याही देशात, कितीही चांगल्या हॉटेलात नाकारावा. सिंगापुरात २०१५ मध्ये कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशातून एका जिवाणूची मोठी साथ झाली. तो परजीवी नव्हता, पण सरकारने वर्षअखेरीस असे कच्चे पदार्थ विकायला बंदीच घातली. 

उरतो आपला प्रश्न. महाराष्ट्रात माशांतल्या कृमींवर काम झालेले नाही असे नाही. मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम हा पट्टकृमींचा नवा वंश वर्णिला, आणि त्यांच्यामागून गोदावरी खोऱ्यातल्या माशांच्या पट्टकृमींचा अभ्यास तिथे दीर्घकाळ चालला. पण हे काम मुख्यतः आतड्यातले. मासेवाला आतडे काढून टाकतो. घरात जाते ते मांस, आणि मांस पेप्सिनच्या बाटलीत घालून पाहणारे फार थोडे. उजनीकडे पाहा. भीमेवरच्या या धरणात पुण्याचे सांडपाणी उतरते. भिगवणला बगळे, चित्रबलाक, पाणकावळे हजारोंनी येतात. काठच्या शेवाळात गोगलगायी आहेत. आणि इथली चिलापी साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात खाल्ली जाते. परजीवीला लागणारे सगळे घटक एका ठिकाणी आहेत. जायकवाडीच्या नाथसागरातही तसेच. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत धान, गोगलगाय, छोटे मासे आणि गावची मांजरे इसानसारखीच एकत्र नांदतात, आणि बिथिनियाच्या कुळातल्या गोगलगायी भारतात आहेतच. आपण वाचलो आहोत ते मासा शिजवून खाण्याच्या सवयीमुळे. ही सवय मोठी आहे, पण तिच्या आधारावर पाण्याची तपासणी सोडून देणे बरोबर नाही.

लागणारे साहित्य महाविद्यालयाच्या कुठल्याही प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत असते: पेप्सिन, आम्ल, ३७ अंशांचे उबवणी कपाट, चाळणी, सूक्ष्मदर्शक. मासे भोई आणि ढीवर बांधव देतील; कुठल्या पाण्यातल्या माशात दाणे जास्त निघतात हे त्यांना कुणाहीपेक्षा चांगले माहीत असते आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. उजनी, नाथसागर आणि विदर्भातले चार तलाव, मरळ, चिलापी, शिवडा आणि खवल्यांचे छोटे मासे, पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला. एवढी तपासणी सुरू करावी, निष्कर्ष मराठीत छापावेत आणि पहिली प्रत मच्छीमार सहकारी संस्थांच्या हाती द्यावी, अशी राज्यातल्या विद्यापीठांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती आहे.